तार सामाईक, बोली खासगी

मंडणगडहून देव्हाऱ्याकडे जाताना लागणाऱ्या एका काजू कारखान्यात मी एका मे महिन्यात दोन दिवस काढले होते. काजू बी वाफवायचा कुकर, काजूगर सुकवायचे दोन ड्रायर आणि आलेली वीज मोजणारा एक थ्री-फेज मीटर, अशी चार यंत्रं तिथं दोन पिळलेल्या तारांच्या एकाच केबलवर जोडलेली होती. केबल पत्र्याच्या छपराखालून जात कार्यालयातल्या जुन्या संगणकापर्यंत पोहोचत होती. कुकरचं तापमान किती, ड्रायरचं किती, आज युनिट किती पडले, हे मालक काकांना खुर्चीवर बसून दिसत होतं. तीन वर्षं हे बिनतक्रार चाललं.

मग पाचवं यंत्र आलं. सुकलेल्या काजूगराची साल निघावी म्हणून त्याला थोडा दमटपणा द्यावा लागतो, नाहीतर गर तुटतो आणि पाकळीचा भाव येतो. पाचवं यंत्र म्हणजे असा दमटपणा देणाऱ्या पेटीचा नवा नियंत्रक. त्याच्या माहितीपत्रकावर ‘आरएस-४८५’ असं ठळक छापलेलं. वायरमनने त्याचे दोन स्क्रू त्याच केबलला जोडले आणि संगणकावरच्या चारही आकड्यांच्या जागी आडव्या रेघा आल्या. पाचवं यंत्र दिसेना, आणि दिसत होती ती चारही गेली.

“पावसाआधी केबल बदलून टाकू का? उंदरानं खाल्ली असेल,” काकांनी विचारलं.

केबल ठणठणीत होती. बिघाड म्हणावा असं कुठल्याच यंत्रात काही नव्हतं. पाचही यंत्रं आपापलं काम चोख करत होती. एकाच तारेवर दोन वेगळ्या बोली बोलल्या जात होत्या, एवढंच. या प्रकरणात मला त्या बोलींविषयी सांगायचं आहे. आपल्या घरात, शेतात, कारखान्यात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक यंत्रात आता मायक्रोप्रोसेसर आहे, आणि ते यंत्र कोणाशी बोलेल हे बहुतेक वेळा आपण विकत घेण्याआधीच कोणीतरी ठरवून टाकलेलं असतं.

आधी तारेबद्दल. पाच यंत्रांकडून माहिती हवी म्हणून संगणकापर्यंत पाच केबली ओढता येतात, पण तांब्याला पैसे पडतात आणि संगणकाला पाच तोंडं लागतात. त्यापेक्षा एकच जोडतार सगळ्यांजवळून फिरवून आणायची आणि प्रत्येकानं तिला चिकटायचं, ही कल्पना स्वस्त आहे. अशा सामाईक तारेला ‘बस’ म्हणतात. एकामागोमाग एक बिट जातो म्हणून ती ‘सिरियल बस’.

आरएस-४८५ हे अशा तारेच्या विद्युत बाजूचं मानक. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशननं ते १९८३ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातली युक्ती आजही तितकीच देखणी वाटते. बोलणारं यंत्र एका तारेवर व्होल्टेज वर नेतं आणि त्याच क्षणी दुसरीवर खाली आणतं. ऐकणारं यंत्र दोन तारांमधला फक्त फरक बघतं. तारा एकमेकींना पिळलेल्या असल्यामुळे बाहेरून आलेला गोंगाट, म्हणजे मोटर सुरू होतानाचा झटका किंवा वळवाच्या पावसातली दूरची वीज, दोन्ही तारांवर जवळपास सारखाच चढतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. बोलणाऱ्यानं किमान दीड व्होल्टचा फरक ठेवायचा आणि ऐकणाऱ्याला शून्य दशांश दोन व्होल्टही पुरायला हवा, असा नियम आहे. म्हणजे वाटेत बरंच काही गळालं तरी निरोप पोहोचतो. वेग कमी ठेवला तर सुमारे १२०० मीटरपर्यंत, आणि मूळ हिशोबानं ३२ यंत्रांपर्यंत. आजच्या चिपा तारेवर भार कमी टाकतात, त्यामुळे त्यातल्या काही २५६ यंत्रांपर्यंतही चालतात.

कोकणासाठी यातली आणखी एक सोय मोलाची आहे. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या जांभ्यात चांगलं अर्थिंग मिळवणं कठीण जातं. एका शेडचं अर्थिंग आणि दुसऱ्या शेडचं अर्थिंग यांत काही व्होल्टांची तफावत सहज निघते. एकाच तारेवर, जमिनीला शून्य धरून बोलणाऱ्या यंत्रांचा तिथं गोंधळ उडतो. आरएस-४८५ उणे सात ते अधिक बारा व्होल्टांपर्यंतची अशी तफावत पोटात घेतं.

हे मानक तारेबद्दल सगळं सांगतं आणि बोलण्याबद्दल काहीच सांगत नाही. कोणी आधी बोलायचं, पत्ता कसा लिहायचा, शब्दाचा अर्थ काय, याचा त्यात एक नियमही नाही. किती व्होल्ट हे त्यात आहे. ‘तापमान’ कसं म्हणायचं हे नाही. माहितीपत्रकावर ‘आरएस-४८५’ एवढंच वाचून यंत्र विकत घेणं म्हणजे समोरच्या माणसाला जीभ आहे एवढं बघून तो मराठी बोलेल असं गृहीत धरणं. काकांच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं, आणि त्यात त्यांची चूक काही नव्हती. त्या पत्रकावर जीभ आहे एवढंच छापलं होतं.

एका तारेला अनेक यंत्रं चिकटली की पहिला प्रश्न शिस्तीचा. दोघं एकदम बोलले तर तिसऱ्याला काहीच कळत नाही. यावरचा सगळ्यांत साधा तोडगा मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तो म्हणजे हजेरी. गुरुजी क्रमांक पुकारतात, त्याच क्रमांकाचं मूल ‘हजर’ म्हणतं, बाकीची गप्प. मूल आपणहून काही बोलत नाही आणि मुलं आपापसांतही बोलत नाहीत. यंत्रांच्या जगात गुरुजींना ‘मास्टर’ म्हणतात आणि मुलांना ‘स्लेव्ह’. काकांचा संगणक मास्टर होता. मीटर, कुकर आणि दोन ड्रायर हे क्रमांक एक ते चार.

कोकणात दुसरीही एक पद्धत आहे. देवळासमोर गाऱ्हाणं घालताना एकजण बोलतो आणि सगळे मिळून ‘होय महाराजा’ म्हणतात. तारेवर हे चालत नाही. सगळ्यांना उद्देशून एक हुकूम सोडता येतो, पण त्याला उत्तर कोणीच द्यायचं नसतं. दिलं तर सगळ्यांची उत्तरं एकमेकांत मिसळून चिखल होतो.

हजेरीच्या या पद्धतीवर उभी राहिलेली सर्वांत प्रसिद्ध बोली म्हणजे मॉडबस. अमेरिकेतल्या मॉडिकॉन कंपनीनं ती १९७९ मध्ये आणली, आपल्या स्वतःच्या नियंत्रकांसाठी. म्हणजे जन्मानं तीही खासगीच. पण मॉडिकॉननं तिचं व्याकरण छापून टाकलं आणि वापरणाऱ्याकडून पैसे मागितले नाहीत. मग इतर कंपन्यांनीही ती उचलली. पुढे मॉडिकॉन स्वतः अनेक हातांतून जात श्नायडर कंपनीकडे आली, आणि २००४ मध्ये मॉडबसचे हक्क एका स्वतंत्र संस्थेकडे सोपवले गेले. तेव्हाच्या किती कंपन्यांच्या किती बोली काळाच्या पोटात गेल्या! ही टिकली, आणि माझ्या मते तिच्या गुणांपेक्षा त्या छापील व्याकरणामुळे टिकली. बोली म्हणून ती ओबडधोबडच आहे.

तिच्यातलं एक वाक्य पाहू. काकांच्या संगणकानं मीटरला विचारलेला प्रश्न तारेवर असा जात होता: ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. आठ बाइट, सोळाच्या अंकपद्धतीत लिहिलेले. पहिला ०१ म्हणजे हजेरीतला क्रमांक. ०३ म्हणजे ‘तुझ्या वहीतले आकडे वाचून दाखव’. पुढचे दोन शून्य म्हणजे वहीच्या पहिल्या ओळीपासून, त्यापुढचे ०० ०२ म्हणजे दोन ओळी. शेवटचे दोन बाइट हा ताळा. आधीच्या सहा बाइटांवर ठरलेलं गणित करून ते काढतात; ऐकणारं यंत्र तेच गणित पुन्हा करतं आणि जुळलं नाही तर प्रश्न फेकून देतं. वाक्य संपलं हे कशावरून कळायचं? साडेतीन अक्षरांएवढ्या शांततेवरून. सेकंदाला ९६०० बिट हा वेग धरला आणि एका अक्षराला अकरा बिट धरले, तर ही शांतता चार मिलिसेकंदांची भरते. या बोलीत पूर्णविराम म्हणजे चार मिलिसेकंदांचं मौन.

हे मौन लक्षात ठेवा. काकांच्या कारखान्यात नेमकं तेच मोडलं होतं.

पाचव्या यंत्राची बोली वेगळी होती आणि तिचं मूळही जुनं आहे. इंटेलनं १९८० मध्ये ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर आणला. चार किलोबाइट प्रोग्रॅमसाठी आणि १२८ बाइट स्मरणासाठी, एवढ्यात त्याचा संसार. भारतातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या यावरच शिकल्या आणि असंख्य लहान यंत्रांत तो किंवा त्याचे वंशज अजूनही आहेत. त्याच्या क्रिस्टलचा विचित्र वाटणारा आकडा, ११.०५९२ मेगाहर्ट्झ, हा याच सिरियल बोलण्यासाठी निवडलेला असतो: त्याला आधी बारानं, मग बत्तीसनं, मग तीननं भागलं की बरोबर ९६०० उरतात.

या चिपेपुढे अडचण अशी होती की सामाईक तारेवरचा प्रत्येक बाइट तिला ऐकावा लागे. दुसऱ्यासाठीचं बोलणंही वाचा, तपासा, फेका. एवढ्याशा जीवाचा सगळा वेळ परक्यांची पत्रं उघडण्यात गेला असता. इंटेलच्या लोकांनी त्यावर सुंदर उपाय काढला. प्रत्येक आठ बिटांच्या अक्षराला त्यांनी एक नववा बिट जोडला. नववा बिट एक असेल तर ते अक्षर म्हणजे पत्ता, शून्य असेल तर मजकूर. चिपेत ‘एसएम-२’ नावाचा एक खटका आहे. तो चढवून ठेवला की नववा बिट शून्य असलेल्या अक्षरांकडे चिप ढुंकूनही पाहत नाही. प्रोसेसरची झोपमोडही होत नाही. पत्ता आला की मात्र सगळे जागे होतात. ज्याचा तो पत्ता, तो आपला खटका उतरवतो आणि पुढचा मजकूर ऐकतो. बाकीचे पुन्हा आपल्या कामाला लागतात. दुपारच्या वेळी पोस्टमन नुसती नावं पुकारत जातो आणि ज्याचं नाव येतं तोच ओटीवर येतो, तसं हे आहे.

युक्ती इतकी उपयोगी की पुढे इतर कंपन्यांनीही आपापल्या चिपांत ती घेतली. एव्हीआरमध्ये आहे, एसटीएम-३२ मध्ये वेगळ्या नावानं आहे. पण नववा बिट हे फक्त पाकीट. पाकिटाच्या आत काय लिहायचं, कुठल्या क्रमानं, ताळा कसा घ्यायचा, हे प्रत्येक कंपनीनं आपल्या घरी ठरवलं आणि घरातच ठेवलं. १९८० आणि ९० च्या दशकांत कारखान्यांच्या पॅनेलमध्ये अशा घरगुती बोली वाढल्या. एका कंपनीचा डिस्प्ले तिच्याच सेन्सरशी बोलायचा, शेजाऱ्याशी नाही.

आता या दोन बोली एकाच तारेवर आल्या की काय होतं ते पाहा. काकांची मॉडबस यंत्रं पॅरिटीशिवाय, म्हणजे तपासणीच्या जादा बिटाशिवाय, चालत होती: आठ बिट, मग थांब्याचा एक बिट, जो नेहमी एकच असायला हवा. दमट पेटीचा नियंत्रक नऊ बिट पाठवत होता. मॉडबसवाल्यांना तो नववा बिट थांब्याच्या जागी दिसायचा. पत्त्याच्या अक्षरात तो एक असल्यामुळे अक्षर ठीक वाटायचं; मजकुरात तो शून्य, म्हणजे थांबाच चुकलेला, म्हणून अक्षर बाद. परक्या भाषेतली नुसती नावं ओळखू यावीत आणि वाक्यं मात्र अस्पष्ट ऐकू यावीत, तसं.

एवढंच असतं तर कदाचित भागलंही असतं. पण या नियंत्रकाला स्वतःचा एक छोटा डिस्प्ले होता, भिंतीवर लावायचा, आणि त्या दोघांच्या जोडीत नियंत्रक स्वतःच मास्टर होता. तो कोणी विचारायची वाट बघत नसे. दर काही मिलिसेकंदांनी आपल्या डिस्प्लेला हाका मारायचा. एका वर्गात दोन गुरुजी, दोघंही मोठ्यानं हजेरी घेत आहेत. मॉडबसला वाक्य संपल्याचं कळायला जी चार मिलिसेकंदांची शांतता लागते, ती त्या तारेवर उरलीच नव्हती. प्रत्येक प्रश्नाचा ताळा चुकत होता आणि चारही यंत्रं नियमाप्रमाणे गप्प बसत होती. मॉडबसमध्ये चुकीचं ऐकू आलं तर उत्तर न देणं हाच शिष्टाचार आहे.

हे मला लगेच कळलं असं नाही. पहिला दिवस केबलच्या टोकांना १२० ओहमचे रोध आहेत का, तारा उलट्या जोडल्यात का, हे बघण्यात गेला. तारा उलट्या लागणं हा या कामातला रोजचा घोळ आहे, कारण मानकात ‘ए’ आणि ‘बी’ कोणाला म्हणायचं ते एका प्रकारे लिहिलंय आणि कित्येक चिप बनवणाऱ्यांनी नेमकी उलटी अक्षरं छापलीत. दुसऱ्या दिवशी पाचवं यंत्र सोडवून तारेवर नुसतं ऐकत बसलो, तेव्हा तारेवर शांतता नांदली आणि चारही आकडे परत आले. मग पाचव्याला वेगळ्या तारेवर एकटं ऐकलं.

ते सारखं बोलत होतं. काय बोलत होतं, ते सांगायला त्याच्या विक्रेत्यानं नकार दिला. “प्रोटोकॉल कंपनीचा आहे, देता येत नाही. आमचं सॉफ्टवेअर घ्या,” असं फोनवर उत्तर आलं. काकांनी फोन ठेवला आणि विचारलं, “यंत्राचे पैसे मी दिले. त्यातला आकडा माझा नाही?”

याचं उत्तर मी तेव्हा नीट देऊ शकलो नाही. नंतर त्यावर पुष्कळ विचार केला.

मराठीत करपल्लवी असा शब्द आहे: बोटांच्या खुणांनी बोलायची भाषा. गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली किंवा रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. बाजार सगळ्यांचा, भोवती माणसं उभी, तरी भाव दोघांतच राहतो. खासगी प्रोटोकॉल ही यंत्रांची करपल्लवी. पण एक फरक आहे. बाजारात रुमालाखाली ज्यांचे हात असतात ते दोघंही सौद्यातले असतात. काकांच्या कारखान्यात रुमालाखालचे दोन्ही हात विक्रेत्याच्याच यंत्रांचे होते, आणि ज्याचे पैसे लागले होते तो बाहेर उभा होता.

खासगी बोलींना काहीच कारण नसतं असं मात्र नाही. १९८० च्या सुमारास सगळ्यांना चालेल अशी बोली फार थोडी होती. ज्याला यंत्र बनवायचं त्याला बोलीही बनवावी लागे. १२८ बाइटांच्या घरात आटोपशीर बोली हवी असे. काही ठिकाणी वेग लागतो. बॅटरी आणि इन्व्हर्टर एकमेकांशी बोलतात तिथे चुकीचा हुकूम गेला तर आग लागू शकते. तिथे कंपनी सावध राहिली तर ते समजण्यासारखं आहे. म्हणून खुल्या बोलींनीही खासगी बोलण्यासाठी मुद्दाम जागा ठेवल्यात. मॉडबसमध्ये ६५ ते ७२ आणि १०० ते ११० हे क्रमांक कंपन्यांनी आपापल्या कामासाठी वापरावेत म्हणून मोकळे सोडले आहेत. यंत्राचा आतला प्रोग्रॅम बदलणं, कारखान्यात त्याचं मोजमाप जुळवणं अशी कामं या आतल्या खोलीत होतात. ती तिथेच राहावीत असं मलाही वाटतं. ओटीवर यायला मज्जाव नको, एवढंच.

बोली खासगी असण्यातून सर्वांच्या होण्याचा प्रवास याच तालुक्याच्या किनाऱ्यावरूनही गेलेला आहे. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे, अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्रजांच्या हाती गेलेला. त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. त्या काळी जहाजं एकमेकांशी निशाणांनी बोलत. निशाण मैलभरावरून कोणालाही दिसे, म्हणजे समुद्र ही सामाईक तारच. पण निशाणाचा अर्थ ज्या त्या आरमाराच्या वहीत. ती वही शत्रूच्या हाती पडू नये म्हणून शिशाचं वजन लावून ठेवत आणि जहाज त्याच्या हाती पडायला आलं की समुद्रात टाकत. लढाईपुरतं हे ठीक होतं. व्यापारी जहाजांचं मात्र अडू लागलं. वादळात सापडलेल्यानं लावलेलं निशाण शेजारून जाणाऱ्याला वाचता आलं नाही तर त्याचा काय उपयोग? फ्रेडरिक मॅरियट या इंग्रज नौदल अधिकाऱ्यानं १८१७ मध्ये व्यापारी जहाजांसाठी निशाणांची वही छापली, आणि १८५७ मध्ये ब्रिटिश सरकारनं सर्वांसाठी सामाईक संकेतावली काढली. आजच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीचं मूळ तिथे आहे. नौदलांनी आपल्या गुप्त वह्या ठेवल्याच. पण ‘मला मदत हवी’ हे वाक्य सर्वांचं झालं.

आपल्या देशात हेच भांडण विजेच्या मीटरवर झालं आणि ते बऱ्यापैकी सुटलं.

चकती फिरणारे जुने मीटर जाऊन इलेक्ट्रॉनिक मीटर आले, तेव्हा प्रत्येक मीटरच्या पोटात मायक्रोप्रोसेसर आला आणि तोंडावर प्रकाशानं बोलणारी एक छोटी खिडकी आली. त्या खिडकीसाठी आंतरराष्ट्रीय मानक होतं, आज त्याला आयईसी ६२०५६-२१ म्हणतात. त्यात संभाषण सेकंदाला ३०० बिट अशा अगदी संथ वेगात सुरू होतं. विचारणारा ‘कोण आहेस?’ अशा अर्थाचं वाक्य टाकतो आणि मीटर आपल्या कंपनीची तीन अक्षरी खूण सांगतो. मग कुठल्या पद्धतीनं बोलायचं ते ठरतं: शून्य म्हणजे आकडे वाच, एक म्हणजे बदल करायचेत, आणि सहा ते नऊ म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या पद्धती. आंतरराष्ट्रीय मानकातच खासगी दरवाजे कोरून ठेवलेले आहेत. दारावर एकमेकांना नमस्कार सगळे एकाच भाषेत करतात आणि आत गेल्यावर बोली बदलते.

वीज कंपनीकडे अनेक बनावटींचे मीटर असतात. प्रत्येक बनावटीसाठी वेगळं सॉफ्टवेअर, वेगळी केबल. केंद्र सरकारनं २००८ मध्ये वीजवितरण सुधारण्याचा पुनर्रचित कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा फीडर आणि ट्रान्सफॉर्मरवरचे मीटर आपोआप वाचायचे होते, आणि बोलींची ही सरमिसळ परवडणारी नव्हती. तो कार्यक्रम ३० हजारांहून अधिक लोकवस्तीच्या गावांसाठी होता; मंडणगड त्यात बसत नव्हतं. पण त्या निकडीतून निघालेलं फळ सगळ्यांसाठी होतं. भारतीय मानक ब्यूरोनं २०११ मध्ये आयएस १५९५९ प्रसिद्ध केलं. डीएलएमएस या आंतरराष्ट्रीय बोलीवर ते आधारलेलं आहे, आणि भारतातल्या मीटरनं त्या बोलीतले कोणते शब्द बोलायचेच बोलायचे, याची त्यात यादी आहे. स्मार्ट मीटरसाठी पुढचा भाग २०१६ मध्ये आला.

या बोलीत प्रत्येक राशीला सहा आकड्यांचं नाव आहे. एकूण वापरलेल्या युनिटांचं नाव १.०.१.८.०.२५५. मीटर कोणत्याही कारखान्यातला असो, मंडणगडला लागलेला असो की मुंबईत, हे नाव पुकारलं की त्यानं युनिटच सांगायचे. इथंही कंपन्यांसाठी काही आकडे राखून ठेवले आहेत. मात्र ज्यावर बिल निघतं तो आकडा त्यांच्या राखीव खोलीत नाही, सर्वांच्या ओटीवर आहे.

एक शंका काकांनीही काढली होती: बोली सर्वांना कळली तर कोणीही आत शिरेल. मॉडबसपुरती ती खरी आहे. तिच्यात कुलूपच नाही, तारेला हात लागला की हुकूम देता येतो. पण बोली लपवणं हे कुलूप नव्हे. दोन दिवस तारेवर ऐकत बसलं तर लपवलेली बोलीही हळूहळू उलगडते. ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञानं १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की पद्धत शत्रूला कळली तरी चालावं, गुप्त राहायला हवी ती किल्ली. डीएलएमएसमध्ये तसंच आहे. व्याकरण छापलेलं, आणि मीटरमध्ये शिरायची किल्ली वीज कंपनीकडे. खासगी बोलीचं समर्थन सुरक्षेच्या नावानं केलं जातं तेव्हा मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि मंडणगड-दापोलीत विजेचे खांब रांगेनं आडवे झाले. अशा वेळी दूरच्या गावात जे यंत्र हाताशी आहे ते, जो वायरमन हजर आहे त्याच्याकडून, आज चालू करावं लागतं. कंपनीचा माणूस घाटावरून येईल तेव्हा येईल. बोलीचा कागद हाताशी असणं म्हणजे काय, हे अशा जागी समजतं. मोठ्या शहरात बंद बोलीची किंमत पैशांत मोजतात, इथे ती दिवसांत मोजावी लागते.

काकांच्या कारखान्यात शेवटी असं केलं. दमट पेटीचा नियंत्रक आणि त्याचा डिस्प्ले यांना त्यांची वेगळी जोडतार दिली; त्यांची करपल्लवी त्यांच्यात चालू राहिली. संगणकासाठी त्या पेटीत दुसरा एक साधा तापमान-दमटपणा मोजणारा सेन्सर बसवला, मॉडबस बोलणारा, क्रमांक पाच. नियंत्रकाच्या पोटात जो आकडा आधीच होता तोच पुन्हा मोजायला काकांना वेगळे पैसे मोजावे लागले. मला ते आजही खटकतं.

तुम्ही यंत्र घेणार असाल, मग तो ड्रायर असो, पंपाचा स्टार्टर असो की घरावरचा सौर इन्व्हर्टर, तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे एकच कागद मागा: या यंत्रात कुठला आकडा कुठल्या रजिस्टरमध्ये, म्हणजे वहीच्या कुठल्या ओळीत, आहे त्याची यादी. दोन रजिस्टरांत मिळून एक आकडा असेल तर आधी कुठलं वाचायचं तेही त्यावर लिहून घ्या, कारण मॉडबसच्या मूळ नियमांत ते ठरलेलं नाही आणि क्रम उलटला की २३० व्होल्टच्या जागी भलतंच काही दिसतं. कागद मिळाला नाही तर यंत्र घेऊ नका. मिळाला तर त्याची एक प्रत पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. काकांच्या पॅनेलच्या दाराला तसा कागद आहे: वेग ९६००, पॅरिटी नाही, एक मीटर, दोन कुकर, तीन आणि चार ड्रायर, पाच दमट पेटी. तो मराठीत लिहिलेला आहे आणि पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला आहे.